मौनाचा घास आणि शिल्लक माल

जपानच्या ह्योगो प्रांतात, हिमेजी शहराच्या परिसरात, 'यामादा स्टोअर' नावाची किराणा व खाद्यवस्तूंची एक लहानशी साखळी आहे. २०१८ साली सेत्सुबुन या सणाच्या तोंडावर या दुकानांनी एक जाहिरातपत्रक काढले. सणाच्या जाहिरातीत जे असायचे ते, म्हणजे नवे प्रकार, वाढीव साठा, आगाऊ नोंदणीवर सवलत, यांपैकी ठळक असे त्यात काहीच नव्हते. आता हे पुरे करू या, अशा अर्थाचे शब्द मोठ्या अक्षरांत छापले होते. खाली खुलासा होता की यंदा सर्व शाखांमध्ये गेल्या वर्षी जेवढा माल खपला तेवढाच तयार होईल. मध्येच संपला तर ग्राहकांनी क्षमा करावी.

विक्रेत्यानेच विक्रीला आपणहून मर्यादा घालावी, आणि तीही वर्षातील सर्वाधिक खपाच्या दिवशी, ही घटना व्यापाराच्या इतिहासात नित्याची नव्हे. देशभरच्या वृत्तपत्रांनी त्या पत्रकाची दखल घेतली. त्यामागचे कारण समजण्यासाठी तो सण, त्या दिवशी खाल्ला जाणारा पदार्थ आणि त्या पदार्थाची कुळकथा या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

सेत्सुबुन म्हणजे ऋतूंची सीमारेषा. जुन्या चिनी-जपानी कालगणनेत सूर्याच्या गतीवरून वर्षाचे चोवीस भाग पाडलेले आहेत. त्यांतील पहिला भाग 'रिश्शुन', म्हणजे वसंताचा आरंभ. त्याच्या आदल्या दिवशी सेत्सुबुन येतो. हा दिवस बहुधा ३ फेब्रुवारीस असतो. परंतु सूर्य कुणाच्या दिनदर्शिकेला बांधलेला नसल्याने २०२१ साली तो २ फेब्रुवारीस आला, आणि तसे तब्बल १२४ वर्षांनी घडले. वस्तुतः ऋतू चार असल्याने सेत्सुबुनही वर्षात चार येतात. त्यांतील तीन लोक केव्हाच विसरून गेले होते. ते पुढे कुणाला आठवले, हे यथावकाश येईलच.

या दिवशी घरोघरी भाजलेले सोयाबीन उधळतात. 'ओनी बाहेर, भाग्य आत' असा पुकारा करीत मुले दाराबाहेर दाणे फेकतात. ओनी म्हणजे राक्षस. घरातील वडील कागदी मुखवटा चढवून राक्षस होतात आणि दाण्यांचा मारा सोसत पळ काढतात. दाणे भाजलेले असण्याला कारण आहे. फेकलेल्या दाण्याला पुढे अंकुर फुटला तर हाकललेले अरिष्ट परत येते, अशी समजूत आहे. उधळण झाल्यावर जेवढे वय तेवढे दाणे मोजून खावयाचे. या राक्षसाला शिंगे बैलाची आणि कमरेला कातडे वाघाचे असते. ईशान्य ही अशुभ शक्तींची वाट मानली गेली, आणि जुन्या दिशाचक्रात ईशान्येला बैल व वाघ हे शेजारी बसतात. एवढ्यावरून त्याचा पोशाख ठरला.

मोठ्या मंदिरांतून हा सोहळा सार्वजनिक असतो. नारिता येथील शिन्शोजी मंदिरात सुमो मल्ल व नामांकित कलावंत उंच मंचावरून दाणे उधळतात, आणि खाली हजारो लोक ते झेलण्यासाठी हात पसरून उभे असतात. त्या मंदिरात एक वेगळेपण आहे. तेथे 'भाग्य आत' एवढेच म्हणतात. 'ओनी बाहेर' म्हणत नाहीत. तेथील अधिष्ठात्या फुदो म्योओ देवतेच्या करुणेपुढे राक्षसाचेही मन पालटते, मग त्याला हाकलावयाचे कशाला, अशी त्यामागची धारणा आहे. तोक्योच्या सेन्सोजी मंदिरातही, कान्नोनच्या समोर राक्षस उरतच नाही म्हणून, ते शब्द गाळले जातात.

राक्षसाविषयीची ही मृदुता मंदिरांपुरतीच नाही. १९३३ साली हामादा हिरोसुके यांनी लहान मुलांसाठी लिहिलेल्या 'रडणारा तांबडा ओनी' या कथेत माणसांशी मैत्री करू पाहणारा राक्षस आहे, आणि त्याच्या मैत्रीसाठी स्वतः वाईटपणा घेणारा त्याचा निळा सोबतीही आहे. ती कथा जपानी मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी वाचली. अलीकडच्या 'डेमन स्लेयर' या चित्रकथेचा नायक कोळसे विकणाऱ्या कुटुंबातील थोरला मुलगा आहे; त्याचे घरदार राक्षसाने मारले आणि वाचलेली एकुलती बहीण स्वतःच राक्षस झाली. तो तिला पाठीवरच्या पेटीत घालून गावोगाव हिंडतो, आणि ज्या राक्षसांना मारतो त्यांच्याही पूर्वायुष्याचे दुःख मरणसमयी जाणतो. या मालिकेवरचा चित्रपट २०२० च्या ऑक्टोबरात लागला आणि त्या वर्षअखेरच्या आतच जपानच्या इतिहासातील सर्वाधिक उत्पन्नाचा चित्रपट ठरला. मुलांच्या तोंडी ओनी पुन्हा घरोघर आला. सणाच्या बाजारपेठेला याहून मोठे भांडवल कोणते?

आता त्या पदार्थाकडे. 'एहोमाकी' म्हणजे शुभ दिशेची गुंडाळी. सिरका घातलेल्या भाताचा थर नोरी या समुद्री शेवाळाच्या वाळवलेल्या पापुद्र्यावर पसरून, मध्ये सारण ठेवून, त्याची मनगटाएवढी जाड गुंडाळी करतात. सात भाग्यदेवतांच्या नावाने सारणात सात जिन्नस असावेत, असा संकेत आहे. त्यांत काकडी, शिताके अळिंबी आणि काम्प्यो असते. काम्प्यो म्हणजे दुधी भोपळ्याच्या जातीच्या फळाच्या लांब सोललेल्या, वाळवलेल्या पट्ट्या. त्याखेरीज अंडे आणि मासळी यांचे प्रकार येतात, आणि महागड्या गुंडाळीत मासळीच प्रमुख असते. सेत्सुबुनच्या रात्री कुटुंबातील प्रत्येकाने अख्खी गुंडाळी दोन्ही हातांत धरून, त्या वर्षीच्या शुभ दिशेकडे तोंड करून, संपेपर्यंत एक शब्दही न बोलता खावयाची. सुरीने कापली तर भाग्याचा धागा तुटतो. मध्ये बोलले तर भाग्य निसटते.

दिशा दरवर्षी बदलते, परंतु ती चारांपैकीच एक असते. २०१८ साली दक्षिण-आग्नेय होती, २०२४ साली पूर्व-ईशान्य, २०२५ साली पश्चिम-नैर्ऋत्य. त्या संध्याकाळी लोक मोबाइलमधील होकायंत्र उघडून बैठकीच्या खोलीतला नेमका कोपरा शोधतात. शुभ दिशेला दूरचित्रवाणी संच असला तर गोष्ट सोपी होते. कपाट असले तर सारे कुटुंब कपाटाकडे तोंड करून गंभीरपणे घास चावत बसते. एरव्ही जेवताना बडबड करणारी मुले या दहा मिनिटांत जे मौन पाळतात, त्याचे अप्रूप आयांना वाटल्यावाचून राहत नसेल.

हे सारे वाचून ही रीत हजार वर्षांची असावी असे वाटते. बीनची उधळण खरोखरच जुनी आहे. तिचे मूळ चीनमधून आलेल्या राजदरबारी विधीपर्यंत मागे नेता येते. गुंडाळीची गोष्ट वेगळी आहे. तिचा उगम ओसाकात झाला, एवढे सर्वमान्य आहे. ओसाका हे जपानचे जुने व्यापारी शहर. तेथील सेन्बा पेठेतल्या सावकार-दुकानदारांपासून ही रीत निघाली असे म्हणतात. परंतु हाती येणारा ठोस कागद आहे तो १९३२ सालचा, आणि तो कोणत्या पोथीचे पान नसून सुशी विक्रेत्यांच्या संघाने वाटलेले जाहिरातपत्रक आहे. सेत्सुबुनच्या रात्री शुभ दिशेकडे वळून अख्खी गुंडाळी खाल्ल्यास भाग्य लाभते, असे त्यात ग्राहकांना सांगितले होते. पुढे युद्धकाळात हे सारे मागे पडले. १९७० च्या दशकात नोरीच्या ठोक व्यापाऱ्यांनी आपला माल खपावा म्हणून ओसाकाच्या दोतोन्बोरी भागात गुंडाळी खाण्याच्या स्पर्धा भरवल्या आणि रीत पुन्हा जागी झाली.

तरीही ती पश्चिम जपानपुरतीच होती. १९८९ साली हिरोशिमा भागातील सेव्हन-इलेव्हनच्या दुकानांनी ही गुंडाळी 'एहोमाकी' या नावाने विकायला काढली. १९९८ साली त्या कंपनीने ती देशभर नेली. पाठोपाठ इतर साखळ्या, मोठी वस्तुभांडारे, हॉटेले आली. मिठाईवाल्यांनी तशाच आकाराचे केक काढले. आणि मग कुणाला तरी आठवण झाली की सेत्सुबुन वर्षातून चार असतात. तेव्हा उन्हाळ्याच्या तोंडावरही एहोमाकीचे फलक झळकू लागले. शास्त्राधार निर्विवाद होता!

व्यापाऱ्याने सण घडवणे जपानला नवे नाही. कोबेच्या मोरोझोफ या मिठाई-कंपनीने १९३६ सालीच एका इंग्रजी वृत्तपत्रात व्हॅलेंटाइनच्या दिवशी चॉकलेट भेट देण्याची जाहिरात केली होती. १९५८ साली मेरी चॉकलेट कंपनीने तोक्योच्या इसेतान भांडारात त्याच निमित्ताने विक्री मांडली, तेव्हा तीन दिवसांत एकूण १७० येनांचा धंदा झाला, असे ती कंपनी स्वतःच सांगते. पुढच्या दोन-तीन दशकांत तोच दिवस चॉकलेट-उद्योगाचा सर्वांत मोठा हंगाम झाला. स्त्रियांनी पुरुषांना चॉकलेट द्यावयाचे, आणि कचेरीतील वरिष्ठ-सहकाऱ्यांनाही केवळ कर्तव्य म्हणून द्यावयाचे, अशी रीत पडली. मग परतफेडीचा दिवस हवा. फुकुओकाच्या इशिमुरा मान्सेइदो या मिठाईवाल्याने १९७८ साली १४ मार्चला पुरुषांनी स्त्रियांना मार्शमॅलो द्यावा असे सुचवले, आणि मिठाई-उद्योगाच्या संघटनेने ते उचलून 'व्हाइट डे' रूढ केला. नावे आणि जमा या दोन्ही बाजू जुळल्या. या कर्तव्याचा काच इतका वाढला की २०१८ च्या फेब्रुवारीत गोदिवा या चॉकलेट-कंपनीनेच अर्थविषयक दैनिकात पानभर जाहिरात देऊन कर्तव्यापोटीची चॉकलेटे आता बंद करावीत असे सुचवले. यामादाचे पत्रकही त्याच वर्षीच्या त्याच हंगामातले. दोन्हींमध्ये भेद मात्र आहे. महागड्या चॉकलेटच्या विक्रेत्याला कर्तव्याची स्वस्त चॉकलेटे थांबण्यात फारसे गमवावयाचे नव्हते. यामादाने हात घातला तो स्वतःच्या गल्ल्याला.

चॉकलेट उरले तर महिनोन्‌महिने टिकते. एहोमाकी त्याच रात्री संपावी लागते. भातावरची नोरी ओली होते, सारण उतरते, आणि मुख्य म्हणजे ४ फेब्रुवारीला तिला कोणी विचारीत नाही. सणाच्या दुसऱ्या दिवशी पशुखाद्य बनवणाऱ्या कारखान्यांत ओतल्या जाणाऱ्या अखंड, न उघडलेल्या गुंडाळ्यांचे ढीग छायाचित्रांतून लोकांपुढे आले, तेव्हा समाजमन हलले. ज्या देशात भाताचे शीत पानात टाकू नये असे मुलांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवले जाते, तेथे ही छायाचित्रे डोळ्यांत खुपावीत हे स्वाभाविक होते.

मग इतका माल करतातच कशाला? याचे उत्तर श्रद्धेत नाही, हिशेबवहीत आहे, आणि ते मुळातून पाहण्याजोगे आहे. जपानमध्ये कोन्बिनी म्हणतात ती चोवीस तास उघडी राहणारी दुकाने पन्नास हजारांहून अधिक आहेत. त्यांतील बहुसंख्य दुकाने कंपनीच्या नावाने परंतु स्वतंत्र दुकानदारांनी चालवलेली असतात, आणि दुकानदार कंपनीला ढोबळ नफ्याचा ठरावीक हिस्सा देतो. मेख आहे ती ढोबळ नफ्याच्या व्याख्येत. तो काढताना विकल्या गेलेल्या मालाचीच खरेदी-किंमत वजा होते. फेकलेल्या मालाची होत नाही. ती दुकानदाराच्या खर्चात स्वतंत्रपणे पडते.

समजण्यासाठी कल्पित आकडे घेऊ. एका गुंडाळीची खरेदी ७० आणि विक्री १०० धरावी, आणि कंपनीचा हिस्सा निम्मा. दुकानदाराने दहा मागवल्या, आठ विकल्या, दोन टाकल्या. नेहमीच्या रीतीने विक्री ८००, खरेदी ७००, नफा १००. कोन्बिनीच्या रीतीने विकलेल्या आठांची खरेदी ५६० वजा जाऊन ढोबळ नफा २४० ठरतो. त्यातील १२० कंपनीकडे जातात. उरलेल्या १२० मधून टाकलेल्या दोन गुंडाळ्यांचे १४० दुकानदाराने सोसावयाचे. त्याला २० चा तोटा, कंपनीला १२० ची प्राप्ती. आता त्याने सातच मागवल्या आणि सातही विकल्या असे धरू. आठवे गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतले. ढोबळ नफा २१०, दोघांना १०५. त्या एका परतलेल्या गिऱ्हाइकामुळे दुकानदाराची स्थिती १२५ नी सुधारली आणि कंपनीचे १५ घटले. माल कमी पडला तर विक्रीची संधी हुकते, असे मुख्य कचेरीतून वारंवार का बजावले जाते, हे या दोन ओळींच्या हिशेबातून लख्ख दिसते. संधी कुणाची आणि बोजा कुणाचा, एवढेच विचारावयाचे.

शिळे होण्यापूर्वी भाव उतरवून विकणे हा दुकानदाराचा सनातन उपाय. तोही येथे खुला नव्हता. २००९ च्या जूनमध्ये जपानच्या व्यापार-स्पर्धा आयोगाने सेव्हन-इलेव्हनला आदेश दिला की मुदत संपत आलेल्या मालाचा भाव उतरवण्यापासून दुकानदारांना रोखू नये. त्यानंतर कंपनीने टाकलेल्या मालाच्या खर्चातील १५ टक्के स्वतः उचलण्याचे जाहीर केले. उरलेले ८५ टक्के जिथले तिथेच राहिले.

दुकानदारावरचा हा ताण पुढे खाली सरकतो. अर्धवेळ काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना अमुक इतक्या गुंडाळ्यांची नोंदणी आणण्याचे उद्दिष्ट दिले जाते, आणि ते न जमल्यास त्यांनीच त्या विकत घ्याव्यात असा दबाव येतो, अशा तक्रारी या काळात पुष्कळ उजेडात आल्या. अशा उद्दिष्टाला जपानीत 'नोरुमा' म्हणतात. शब्द मूळचा रशियन. युद्धानंतर सायबेरियाच्या छावण्यांत सक्तीची मजुरी करून परतलेल्या सैनिकांनी तो मायदेशी आणला. भाग्याच्या गुंडाळीला चिकटलेला हा शब्द आपला इतिहास विसरलेला असला, तरी त्याचे काम बदललेले नाही.

या पार्श्वभूमीवर यामादाचा निर्णय वाचला म्हणजे त्याचे वजन कळते. ती दुकाने तिची स्वतःची असल्याने नफा आणि नासाडी एकाच वहीत पडतात. तिला खरा हिशेब दिसू शकतो. तरीही स्पर्धकांची शेल्फे दुथडी भरलेली असताना, आमच्याकडे संध्याकाळी माल संपलेला असेल, असे आधीच छापून सांगायला वेगळीच धमक लागते. बिवा सरोवराकाठच्या ओमी प्रांतातील फिरत्या व्यापाऱ्यांच्या परंपरेत, सौदा विकणाऱ्याला बरा, घेणाऱ्याला बरा आणि भोवतालच्या जगालाही बरा असावा, असे तत्त्व सांगतात. त्याचे मूळ १७५४ साली एका व्यापाऱ्याने आपल्या वारसासाठी लिहून ठेवलेल्या शिकवणीत शोधले जाते. आज हे तत्त्व मोठमोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत सुबक अक्षरांत आढळते. सणाच्या जाहिरातपत्रकात ते उतरलेले मात्र क्वचितच दिसते.

२०१९ च्या जानेवारीत जपानच्या कृषी मंत्रालयाने किरकोळ विक्रेत्यांच्या संघटनांना पत्र पाठवून एहोमाकी मागणीच्या प्रमाणातच करावी असे कळवले. एका खाद्यपदार्थापायी मंत्रालयाला पत्र काढावे लागणे ही जपानमध्येही नवलाचीच गोष्ट. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून अन्नाची नासाडी कमी करण्यासाठीचा कायदा अमलात आला. साखळ्यांनी आगाऊ नोंदणीवर भर दिला, अर्ध्या लांबीच्या गुंडाळ्या काढल्या, आणि आपण नासाडी कमी करणार असे कळवणाऱ्या दुकानांची नावे मंत्रालय प्रसिद्ध करू लागले. देशातील खाण्याजोग्या अन्नाची एकूण नासाडी २०१६ च्या आर्थिक वर्षात ६४ लाख टनांच्या घरात होती. २०२२ मध्ये ती ४७ लाख टनांवर आली. त्यात महामारीचा वाटा होता, आणि वाढत्या किमतींचाही असणार. धंद्यांकडून होणारी नासाडी २००० सालच्या निम्म्यावर आणण्यासाठी २०३० ची मुदत होती. ते उद्दिष्ट आठ वर्षे आधीच गाठले गेले. उरलेल्या ४७ लाखांतील निम्मे मात्र घराघरांतल्या स्वयंपाकघरांतून येते, आणि तेथे कोणत्याही मंत्रालयाचे पत्र पोचत नाही.

इकडे बीनच्या उधळणीत हा प्रश्न फार आधीच सुटलेला आहे. होक्काइदो आणि तोहोकू या उत्तरेकडील बर्फाळ भागांत सोयाबीनऐवजी भुईमुगाच्या सालासकट शेंगा फेकतात. बर्फावर पडलेली शेंग चटकन दिसते आणि टरफल असल्याने आतला दाणा मळत नाही. राक्षस पळून गेल्यावर मुले हातमोजे घालून अंगणात उतरतात, एकेक शेंग वेचून टोपलीत भरतात, आणि घरात येऊन आपापल्या वयाएवढ्या मोजायला बसतात.